गोळीबारातली गोष्ट

'हार्ड बॉइल्ड'ची गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगून संपते. हाँगकाँगचा एक तापट इन्स्पेक्टर शस्त्रांची तस्करी करणाऱ्या टोळीच्या मागे लागलाय आणि त्याच टोळीत पोलिसांचा एक माणूस गुंड होऊन शिरलाय. दोघं आधी एकमेकांवर पिस्तूल रोखतात, मग एकत्र येतात आणि एका इस्पितळाखाली दडवलेल्या शस्त्रसाठ्यापर्यंत पोहोचून टोळीचा निकाल लावतात. दोन तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटात एवढंच घडतं. बाकी सगळा गोळीबार.

जॉन वू यांच्या 1992 सालच्या या चित्रपटाविषयी बोलणं निघालं की समोरचा हमखास म्हणतो, "मारामारी भन्नाट आहे, पण गोष्टीच्या नावानं बोंब." हे वाक्य मला फार खटकतं. त्यात मारामारी वेगळी आणि गोष्ट वेगळी, असं आधीच धरून चाललेलं असतं. पुष्कळ देमारपटांच्या बाबतीत ते खरंही आहे. तिथे नायक उडी मारतो, गाडी उलटते, काच फुटते, आणि यातलं काहीही काढून टाकलं तरी माणसांचं काही बिघडत नाही. 'हार्ड बॉइल्ड'मधला गोळीबार मात्र काढून टाका, माणसंच उरणार नाहीत. त्यांच्याबद्दल जे काही कळतं ते त्यांच्या हालचालींतून कळतं. संवादांत ते शोधायला गेलं तर हाती विशेष लागत नाही, हे मलाही मान्य आहे.

सुरुवातीचा चहागृहातला प्रसंग घ्या. हाँगकाँगच्या जुन्या चहागृहांत सकाळच्या वेळी वयस्कर माणसं आपापले पक्षी घेऊन यायची. पिंजरा वर टांगायचा, खाली चहा आणि वाफवलेले डिमसम मागवायचे आणि पक्ष्यांचा आवाज ऐकत गप्पा मारायच्या. चित्रपटातली ती जागा सेट नाही. ते खरोखरचं जुनं चहागृह होतं आणि ते पाडलं जाणार होतं. त्यामुळे पटकथा पुरी झालेली नसतानाच वू यांनी हा प्रसंग चित्रित करून घेतला. चित्रपटाला पाया घालण्याआधी माडी बांधावी तसा हा प्रकार आहे. तरीही मला वाटतं, सगळा चित्रपट या एका सकाळीत बीजासारखा दडलेला आहे.

चाउ युन-फॅटचा टकीला हा इन्स्पेक्टर तिथे सापळा लावून बसलाय. पिंजऱ्यांच्या तळाशी पिस्तुलं लपवलेली. बार उडतो, पिंजरे फुटतात, सकाळचं गिऱ्हाईक टेबलांखाली शिरतं आणि काही जण शिरायच्या आतच मरतात. टकीलाचा सहकारी मारला जातो. दोन्ही हातांत पिस्तुलं आणि तोंडात टूथपिक घेऊन जिन्याच्या कठड्यावरून घसरत येणारा टकीला जगभरच्या सिनेमावेड्यांच्या डोळ्यांपुढे आजही आहे. मी मात्र त्याच्या पुढचे काही क्षण पुन्हा पुन्हा पाहतो. तो स्वयंपाकघरात पोहोचतो तेव्हा पिठात न्हालेला असतो. चेहरा पांढराफटक. समोरच्या गुंडाला पकडणं सहज शक्य असतं. तो त्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि चाप ओढतो. पांढऱ्या चेहऱ्यावर रक्ताचे शिंतोडे उडतात आणि प्रसंग तिथेच तुटतो.

पुढे वरिष्ठांकडून कळतं की त्या सकाळी टकीलाच्या गोळ्यांनी मेलेल्यांत पोलिसांचाच एक छुपा माणूस होता. ही बातमी संवादात येते, पटकन येते आणि निघून जाते. टकीला पश्चात्तापाची भाषणं करत नाही. वू यांनीही हे प्रकरण तिथे मिटवून टाकल्यासारखं वाटतं. ते मिटलेलं नसतं, हे कळायला इस्पितळापर्यंत थांबावं लागतं.

पटकथा अशी अर्धीमुर्धी राहण्यामागे कारणं होती. बॅरी वाँग हे लेखक ती लिहीत होते आणि काम पुरं व्हायच्या आतच, 1991 मध्ये, त्यांचं निधन झालं. आधीच्या आराखड्यात लहान मुलांच्या दुधात विष कालवणारा खलनायक होता. तो धागा सोडून दिला गेला. चित्रीकरण चालू असतानाच गोष्ट घडत, बदलत गेली. त्या काळातल्या हाँगकाँगच्या चित्रपटधंद्यात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. शहरातलं वातावरणही तापलेलं होतं. जून 1991 मध्ये क्वुन टाँग भागात एका टोळीनं एके-47 हातात घेऊन एकाच रस्त्यावरची पाच सोन्याची दुकानं लुटली होती. लढाईतली हत्यारं बाजारपेठेत आली होती. त्यातच वू यांच्यावर आरोप होत होता की ते गुंडांना देखणं करून दाखवतात. त्यांच्या 'अ बेटर टुमॉरो' या 1986 च्या चित्रपटात चाउ युन-फॅटनं लांब ओव्हरकोट घातला, आणि हाँगकाँगच्या दमट हवेत पोरं तसे कोट घालून हिंडू लागली. म्हणून या वेळी नायक पोलीस.

वू स्वतः गुंडांच्या शेजारात वाढले. जन्म 1946 चा, ग्वांगझूचा. लहानपणीच कुटुंब हाँगकाँगला आलं आणि शेक किप मेइच्या झोपडवस्तीत राहिलं. 1953 च्या नाताळच्या रात्री त्या वस्तीला आग लागली आणि 50 हजारांहून अधिक माणसं एका रात्रीत बेघर झाली. त्यांत हे कुटुंबही होतं. वडिलांना क्षय, आई अंगमेहनतीची कामं करून घर चालवणारी, रस्त्यावर टोळ्यांची मारामारी. चर्चमार्फत एका अमेरिकन कुटुंबानं या मुलाच्या शाळेचा खर्च उचलला. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं. या वाटेनं आलेला माणूस पुढे रक्तपाताचे चित्रपट करतो तेव्हा त्यात चर्च, कबुतरं, मेणबत्त्या आणि प्रायश्चित्त का येतं, हे वेगळं सांगायला नको.

याच मुलाला सिनेमागृहात आसरा मिळाला आणि सगळ्यात जास्त आवडले ते हॉलिवूडचे संगीतपट. वू यांनी हे अनेकदा सांगितलंय: मारामारीचा प्रसंग बसवताना त्यांच्या मनात नृत्य असतं. हे कळल्यावर मला त्यांच्या चित्रपटांची किल्ली मिळाली, कारण आपल्याकडची संगीत नाटकं मी याच नजरेनं पाहत आलो आहे. 1882 साली रंगमंचावर आलेल्या 'संगीत सौभद्र'ला जाणाऱ्या प्रेक्षकाला सुभद्रा शेवटी कोणाला मिळणार हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पद सुरू झालं की कथानक थांबतं. गाणारा एखाद्या जागेवर रेंगाळतो, पुन्हा फिरून समेवर येतो, प्रेक्षक 'वन्स मोअर' देतात. कथानक थांबलं म्हणून कोणी तक्रार करत नाही, कारण रुसवा, ओढ, चिडचिड, जे काही त्या पात्राच्या पोटात आहे ते त्या गाण्यात ओतलं जातं. वू यांच्या हाती गाण्याच्या जागी गोळीबार आहे. स्लो मोशन ही त्यांची रेंगाळण्याची जागा. चेहरा अचानक गोठवणारी फ्रीझ फ्रेम ही त्यांची सम. टकीला रात्री जॅझ क्लबात वाद्य वाजवतो आणि त्याला सल्ला देणाऱ्या बारवाल्याची भूमिका खुद्द वू करतात, ही गोष्ट म्हणूनच मला शोभेची वाटत नाही.

याला कारागिरी लागते, आणि ती अंगमेहनतीची कारागिरी आहे. संगणकानं ठिणग्या काढायची सोय त्या काळी तिथे नव्हती. माणसाच्या कपड्याखाली स्क्विब म्हणजे इवलीशी स्फोटकं आणि नकली रक्ताच्या पिशव्या बांधायच्या. भिंतीत, खांबांत, टेबलांत तशीच स्फोटकं पेरायची. कोण कोणत्या पावलाला कुठे असेल हे आखायचं, आणि कॅमेरा फिरला की सगळं एकदाच उडवायचं. चुकलं तर अख्खी खोली पुन्हा उभी करा. मारामाऱ्या बसवणारे फिलिप क्वॉक हे शॉ ब्रदर्सच्या तालमीतले. चांग चेह या मोठ्या दिग्दर्शकाच्या मारामारीपटांत त्यांनी नाव काढलं होतं, आणि वूही त्याच चांग चेह यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून तयार झालेले. एकाच उस्तादाचे दोन चेले. शेवटचा अर्ध्या तासाहून मोठा भाग ज्या इस्पितळात घडतो ते जुन्या कोका-कोला कारखान्यात उभारलं होतं.

त्या इस्पितळात एक सलग शॉट आहे. 2 मिनिटं 42 सेकंद, कुठेही कट नाही. टकीला आणि टोळीत शिरलेला पोलीस अ‍ॅलन एका मजल्यावरून गुंड टिपत चाललेत. कॅमेरा त्यांच्या मागे, कधी बाजूला, कधी वळून पुढे. धूर, काचा, उडणारे कागद. आणि मग एका वळणावर अ‍ॅलन जो समोर येईल त्याच्यावर गोळी झाडतो, आणि तो पोलीस निघतो. कट अजूनही नाही. दोघं लिफ्टमध्ये शिरतात, दार बंद होतं. मघापर्यंतचा सगळा गदारोळ दाराबाहेर राहतो आणि दोन माणसं त्या अरुंद जागेत उभी. अ‍ॅलन हादरलाय. टकीला त्याला सावरायला बघतो, त्यानं मारलेला माणूस पोलीस नव्हताच असं पटवायला जातो. दार उघडतं, दुसरा मजला, पुन्हा गोळीबार. प्रत्यक्षात मजला तोच होता. लिफ्ट बंद होती तेवढ्या सुमारे 20 सेकंदांत बाहेरच्या माणसांनी आधीचा पसारा हटवून तीच जागा नव्यानं मांडली होती.

शॉटचं हे तंत्र सगळेच वाखाणतात आणि वाखाणायलाच हवं. पण मला ओढतं ते लिफ्टमधलं खोटं बोलणं. चहागृहात टकीलानं स्वतः जे केलं तेच आता अ‍ॅलनच्या हातून घडलंय. आपल्याच माणसाला मारणं म्हणजे काय हे या लिफ्टमध्ये फक्त टकीलाला ठाऊक आहे, म्हणून तोच त्याला खोटं सांगू शकतो. पहिल्या प्रसंगात अडलेलं त्याचं दुःख दुसऱ्याला आधार देताना बाहेर येतं. हे सांगायला वू यांनी वेगळा भावनिक प्रसंग लिहिला नाही, पावसात उभं केलं नाही, मागे व्हायोलिन वाजवलं नाही. धावपळीच्या पोटातच ते बसवलं. आणि कट न घेतल्यामुळे अ‍ॅलनला, आणि आपल्यालाही, त्या क्षणातून सुटका मिळत नाही. इथे दिखावा कुठे संपतो आणि गोष्ट कुठे सुरू होते, कोणी दाखवून द्यावं.

अ‍ॅलन झालेल्या टोनी लिअंगला चित्रपट संवाद फार देत नाही. आपण ज्यांना मारलं त्या प्रत्येकासाठी तो कागदाचा एक करकोचा घडी घालून टांगतो. राहतो बोटीवर. ज्या म्हाताऱ्या टोळीप्रमुखानं त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं त्यालाच नव्या मालकापुढे निष्ठा सिद्ध करायला गोळी घालायची वेळ येते, तेव्हा पिस्तूल उचलण्याआधीचा त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. दहा वर्षांनी, 2002 मध्ये, याच नटानं 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये पुन्हा टोळीत शिरलेला पोलीस रंगवला. तो चित्रपट कथानकाच्या जोरावर उभा आहे. एक पोलीस टोळीत, टोळीचा एक माणूस पोलिसांत, आणि दोघं एकमेकांना शोधताहेत. गोळ्या मोजक्या, ताण प्रचंड. पुढे हॉलिवूडनं त्याचा 'द डिपार्टेड' केला. 'बघा, याला म्हणतात गोष्ट,' असं म्हणत लोक तो चित्रपट 'हार्ड बॉइल्ड'च्या डोक्यावर आपटतात. मला दोन्ही प्रिय आहेत. 'इन्फर्नल अफेअर्स'मध्येही टोनी लिअंगच्या वाट्याला एक लिफ्ट येते. तिच्या दारात त्याला गोळी लागते. तिथे आपण सुन्न होतो कारण पुढे काय होणार हे कळण्यासाठी आपण जीव मुठीत धरून बसलेलो असतो. 'हार्ड बॉइल्ड'च्या लिफ्टमध्ये पुढे काय होणार याची उत्सुकता नाहीच. पुढे आणखी गोळीबार होणार हे पक्कं ठाऊक आहे. तिथे फक्त ते दोघं आहेत. पहिल्याला चांगलं म्हणण्यासाठी दुसऱ्याला पोकळ ठरवायची गरज मला कधी पटली नाही.

वू यांच्या घाईला आणखी एक बाजू होती. 1984 च्या करारानं ठरलं होतं की 1 जुलै 1997 ला ब्रिटन हाँगकाँग चीनच्या हवाली करणार. 1989 च्या जूनमध्ये तिआनानमेन चौकात रणगाडे आले आणि हाँगकाँगमधल्या लोकांचा धीर सुटला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला 60 हजारांच्या आसपास माणसं कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची वाट धरत होती. या चित्रपटात 1997 चा उल्लेख करून कोणी उसासे टाकत नाही, पण ज्या जागा आपल्याला सुरक्षित वाटतात त्याच एकेक करून उद्ध्वस्त होतात: सकाळचं चहागृह, ग्रंथालय, इस्पितळ, शेवटी बाळंतिणींचा कक्ष. पोलीस तान्ह्या बाळांच्या कानात कापसाचे बोळे घालून त्यांना खिडकीतून बाहेर काढतात. टकीला एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात पिस्तूल घेऊन बाळाला गाणं म्हणतो, त्याच्या पायाला लागलेली आग बाळाच्या लघवीनं विझते. ऐकायला हे हास्यास्पद वाटेल. पाहताना मात्र घशाशी येतं, कारण ज्या माणसानं चहागृहात रागाच्या भरात एक जीव घेतला तोच आता एक जीव छातीशी धरून चाललाय, आणि पिस्तूल अजून सुटलेलं नाही. हा चित्रपट करून वूही अमेरिकेला गेले आणि 1993 मध्ये त्यांचा 'हार्ड टार्गेट' आला. पक्षी विकणाऱ्यांची मोंगकॉकमधली जुनी गल्लीही पुढे राहिली नाही. त्यांच्यासाठी 1997 मध्ये युएन पो स्ट्रीटवर वेगळी बाग झाली.

या चित्रपटावर माझा एक आक्षेप आहे आणि तो गोष्ट नसण्याचा नाही. चहागृहात सकाळी चहा प्यायला आलेली माणसं पटापट मरतात. टेबलावरून कोसळतात, जिन्यावर पडतात. त्यांच्या पडण्याला लय आहे, सौंदर्य आहे, आणि नेमकं तेच मला टोचतं. टकीलाच्या सहकाऱ्याचा मृत्यू आपल्याला दुःखाचा वाटावा म्हणून वू थांबतात. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यासाठी थांबत नाहीत. तो पक्षी घेऊन आला होता, एवढंच आपल्याला माहीत. नृत्याची उपमा इथे अपुरी पडते, कारण नृत्यात पडलेला नाचणारा पुन्हा उठतो हे आपण गृहीत धरलेलं असतं.

वूंना हे अगदीच कळलं नव्हतं असंही नाही. इस्पितळात एका जागी अ‍ॅलन आणि मॅड डॉग समोरासमोर येतात. मॅड डॉग हा टोळीचा सगळ्यात पक्का नेमबाज, आणि ही भूमिका स्वतः फिलिप क्वॉकनीच केली आहे. दोघांचीही पिस्तुलं रोखलेली. एवढ्यात मधे रुग्ण येतात. कुबड्या घेतलेले, घाबरलेले, कुठे जावं ते न कळणारे. दोघं एकमेकांकडे पाहतात. काही न बोलता ठरतं, आणि रुग्ण निघून जाईपर्यंत दोघंही हत्यार खाली घेतात. मग टोळीचा म्होरक्या जॉनी वाँग येतो आणि बिनदिक्कत त्या रुग्णांवर गोळ्या चालवतो. मॅड डॉग आपल्या मालकावर उलटतो, आणि मालक त्याला मारतो.

मॅड डॉगचा भूतकाळ चित्रपटात नाही. तो टोळीत का आला, घरी कोण आहे, काही कळत नाही. त्याच्या तोंडी तत्त्वाचं एक वाक्य नाही. पटकथा लिहिण्याच्या कुठल्याही वर्गात हे पात्र कच्चं ठरेल. तरीही त्याच्या हाताच्या एका हालचालीतून, पिस्तूल खाली नेणाऱ्या त्या मनगटातून, आपल्याला अख्खा माणूस दिसतो, आणि चहागृहापासून ज्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं त्या वाटेतल्या माणसांकडे पहिल्यांदा कोणीतरी पाहतं. पाहणारा पोलीस नसून गुंड आहे, हे वू यांचं धाडस. चहागृहातला हिशेब त्यानं चुकता होतो असं मी म्हणणार नाही. पिंजऱ्याखाली बसलेल्या त्या म्हाताऱ्यावर कॅमेरा दोन क्षण अधिक थांबला असता तर एकही गोळी कमी करावी लागली नसती, आणि ज्या दिग्दर्शकानं लिफ्टमधले ते काही क्षण कमावले त्याला तेवढं जमलं असतं.